बोयावरच्या दोन गाठी

पेटिग्रू बेट, मेन
२२ सप्टेंबर १९५७

प्रिय ऑल्डन,

तुझं पत्र पोचलं. तुमच्या चर्चला नवी घंटा आली, छान झालं. आमच्याकडे नवीन म्हणजे मर्टनचा हात. जुलैत दोर ओढायच्या चाकात सापडला, तो अजून काही धरत नाही. नवरोबा एका हाताने सुकाणू धरतात, शिव्या देतात, बाकी सगळं मी करते. पहाटे त्याच्याबरोबर बोटीवर जायचं, शेवंडीचे सापळे ओढायचे, आमिषाच्या पिशव्यांत कुजकं हेरिंग भरायचं, आणि दुपारी घरी येऊन आईला शोधायला निघायचं. हो, शोधायला. ती झोपत नाही. गाऊनवर धक्क्यापर्यंत जाते आणि दिसेल त्याला विचारते, माझा माणूस आला का. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली हे तिला दर वेळी नव्याने सांगावं लागतं, आणि दर वेळी ती नव्याने रडते. मला ती मोलकरीण समजते. परवा म्हणाली, "व्हर्नाला बोलव, तुझ्या हाताला वास येतो."

मी पाण्यावर असते तेव्हा शेजारची ॲडी तिच्यापाशी बसते. ॲडी म्हणजे होम्सांची धाकटी, जिने तो कॅनडातला फ्रेंच पोरगा केला, देझिरे. तीन वर्षांपूर्वी गावाने कुरकुर करत त्याला बंदरात शेवंड धरू दिली. पोरगी सोन्यासारखी आहे, एक पैसा घेत नाही. पण तिलाही घर आहे. म्हणून स्पष्टच विचारते, हिवाळ्यापुरती आईला तुझ्याकडे नेशील का? मला नीट झोपून किती दिवस झाले ते आठवत नाही.

गावात सध्या एकच विषय आहे. व्यापाऱ्याच्या तरंगत्या पेटाऱ्यात, जिथे सगळ्यांचा माल एकत्र पडतो, तिथे एबेनला, ज्याचा शब्द बंदरात चालतो त्याला, शेवंडीच्या चार माद्या सापडल्या. पोटाखालची गाभोळी ब्रशने खरवडून काढलेल्या, खालचे धागे तुटलेले. गाभोळीची मादी दिसली की तिच्या शेपटीला खाच पाडून परत पाण्यात टाकायची, हे इथलं पोर चालायच्या आधी शिकतं. यंदा शेवंड आलीच नाही, सगळ्यांचीच तारांबळ आहे, पण असलं काम आजवर कुणी केलं नव्हतं. सगळे फ्रेंचीकडे बघतात, पण त्याच्या आणि ॲडीच्या कानावर एक शब्द जाऊ देत नाहीत. मासेमारीच्या निरीक्षकाला कुणी बोलावणार नाही. इथे न्याय कसा होतो तुला ठाऊक आहे.

आईचं लवकर कळव.

तुझी,
व्हर्ना


हार्लो फॉल्स, व्हर्मॉन्ट
१ ऑक्टोबर १९५७

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र वाचून मन जड झालं. तुझ्या सोशिकपणाचं कॉनीला आणि मला नेहमीच कौतुक वाटत आलं आहे. आईबद्दल आम्ही दोघं बराच वेळ बोललो. अडचण अशी की चर्चने मला दिलेल्या घराचं वरचं छत दुरुस्तीला काढलंय, शिवाय कॉनीची प्रकृती नाजूक, आणि ऑक्टोबरात चर्चचं वार्षिक जेवण. आईला आयुष्यभराच्या जागेवरून उपटून इथे आणणं तिच्यावरच अन्याय होईल. समुद्राचा आवाज नसेल तर ती कशी राहील? तू तिथे आहेस ही आम्हाला देवाची कृपा वाटते.

माद्यांची बातमी वाचून मला बाबा आठवले. छत्तीस साली घरात पीठसुद्धा नव्हतं. तरी त्यांनी एक गाभोळीची मादी ठेवली नाही. मी रडत होतो, आणि ते मला म्हणाले, "ही आपली नाही, ही पुढच्यांची." भुकेने माणसाचा पोत कळतो. ज्याने हे केलं त्याच्यावर संकट असेल, मान्य, पण संकट सगळ्यांवर येतं आणि सगळे चोरी करत नाहीत. मी येत्या रविवारी यावरच बोलणार आहे.

त्या फ्रेंच तरुणाबद्दल घाईने मत बनवू नका. आणि झोपायच्या आधी गरम दूध घेत जा.

तुझा भाऊ,
ऑल्डन


पेटिग्रू बेट
१३ ऑक्टोबर

ऑल्डन,

दूध घेतलं. उंटावरून शेळ्या हाकणं तुला आधीपासून जमायचं, आता तर झगाही मिळालाय.

प्रवचनाला मसाला हवा असेल तर घे. ब्रश मी चालवला. डेक घासायचा ब्रश, तो हाताशीच असतो. त्या दिवशी आईने पहाटे माझे केस धरून मला जिन्यावरून ओढलं होतं. मी तशीच बोटीवर गेले. सापळ्यामागून सापळा रिकामा, आणि शेवटी माद्या आल्या, मोठ्या, जड, सगळ्या गाभोळीच्या. मी विचार केलाच नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. विचार केला. एवढाच, की आज रिकाम्या हाताने परत जायचं नाही, आज मला कुणी काही बोलायचं नाही. गाभोळी सहजी सुटत नाही रे. घासावी लागते. मर्टनने मागे वळून पाहिलं आणि परत समोर बघायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः ब्रश माझ्याजवळ सरकवला.

आणि धक्क्यावर फ्रेंचीचं नाव सगळ्यांत आधी मर्टननेच घेतलं. एबेनने विचारलं, "कोण असेल?" आणि हा म्हणाला, "आपल्यातलं कुणी असं करेल का?" बस, एवढंच. पुढचं त्यांचं त्यांनी केलं.

सोमवारी देझिरेच्या बोयांवर, सापळ्यांच्या तरंगत्या खुणांवर, दोन दोन गाठी पडल्या. तू विसरला असशील म्हणून लिहिते. बोयाच्या दांड्याला कुणीतरी परका दोर अडकवून दोन गाठी मारतो. म्हणजे, आम्हाला माहीत आहे, सुधार. कुणी तोंडाने बोलत नाही, आणि ज्याला गाठ पडली त्यानेही विचारायचं नाही. पण तो पोरगा बाहेरचा, तो आला विचारायला. आमच्याच स्वयंपाकघरात, टोपी हातात धरून.

"मर्टन, माझ्या बोयांवर गाठी आहेत. मी काय केलं?"

मर्टन म्हणाला, "तुझं तुला ठाऊक."

"मला नाही ठाऊक. म्हणून तर विचारतोय."

"मग तुझे सापळे कुठे आहेत ते बघ."

मी पीठ मळत होते. आई कोपऱ्यात ॲडीने विणून दिलेली शाल पांघरून बसली होती. पोराला वाटलं, आपले सापळे एबेनच्या हद्दीत गेले असणार. इथे गाठी बहुतेक त्यासाठीच पडतात ना. दुसऱ्या दिवशी त्याने सगळे सापळे उचलून बाहेर नेले. आणि गाव म्हणालं, बघा, खाई त्याला खवखवे.

आता सांग. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय आणि दोर माझ्या घरातला आहे. काय करू?

व्हर्ना


हार्लो फॉल्स
२१ ऑक्टोबर

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र मी माझ्या खोलीत दार लावून वाचलं आणि मग गुडघ्यावर बसलो. तू मला लिहिलंस यातच तुझी सुटका आहे.

काय करायचं ते तुला माहीत आहे. शनिवारी सगळे धक्क्यावर असतात तेव्हा जा आणि सांग. गाव रागावेल. मर्टनच्या बोयांवर गाठी पडतील, कदाचित दोर कापले जातील. ते सोसायचं. एका निरपराध माणसाची भाकरी त्याहून मोठी आहे.

पण मी फक्त उपदेश करत नाही. थकलेल्या माणसाकडून चांगुलपणाची अपेक्षा करणारा मी ढोंगी ठरेन, हे तुझ्या टोमण्याने मला दाखवलं. म्हणून कॉनीशी बोलून ठरवलंय, आईला पाठव. हिवाळाभर ती आमच्याकडे राहील. तुझं ओझं मी घेतो, म्हणजे तुझ्यात खरं बोलायचं बळ येईल. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत तो तरुण मोकळा झाला पाहिजे, एवढं वचन दे.

तुझा,
ऑल्डन


पेटिग्रू बेट
३ नोव्हेंबर

प्रिय ऑल्डन,

आई टपालाच्या बोटीने निघाली. बरोबर शाल आहे, ती काढू नकोस, ओरडते. अंड्याचा पांढरा भाग खात नाही. वचन दिलं.

मी झोपले, ऑल्डन. दिवस उजाडेपर्यंत झोपले, परत जेवून झोपले. उठले तेव्हा मला माझं घर ओळखू आलं. मर्टनशी गोड बोलले. ब्रश तेव्हापासून डेकशिवाय कशाला लावला नाही, दोन गाभोळीच्या आल्या, खाच पाडून परत टाकल्या. आपण पुन्हा माणसात आलो असं वाटलं.

सांगायचं म्हणशील तर मी शनिवारी धक्क्यावर गेले होते. एबेन होता, सगळे होते. एबेन म्हणाला, "ये व्हर्ना, आता जरा माणसासारखी दिसतेस." कुणीतरी कॉफी दिली. मी प्यायले आणि घरी आले.

तुला खरं सांगते. मला वाटायचं, माणूस दमला की वाईट वागतो आणि विसावला की सुधारतो. तसं नाही रे. दमले होते तेव्हा गावापुढे जाऊन सगळं ओकून टाकलं असतं, मागचापुढचा विचार न करता. आता डोकं जाग्यावर आलंय आणि मला स्पष्ट दिसतं की मर्टनच्या एका हाताने दुसऱ्या बंदरात कुणी त्याला उभं करणार नाही. आता मी आधीपेक्षा हुशारीने वाईट आहे. सापळे हिवाळ्यासाठी वर घेतले की सांगेन. तेव्हा दोर कापायला कुणाला मिळणार नाहीत.

देझिरेचे सापळे उघडे सापडायला लागलेत, दारं उचकटलेली. तो आणखी बाहेर सरकला. मी ॲडीकडे ॲपल-पाय भाजून नेऊन दिला. ती माझ्या गळ्यात पडून रडली.

व्हर्ना


हार्लो फॉल्स
१८ नोव्हेंबर

व्हर्ना,

तू मला हे सांगितलं नव्हतंस. तू लिहिलं होतंस झोपत नाही. झोपत नाही म्हणजे काय ते लिहिलं नव्हतंस.

तिने जेवणाच्या वेळी चर्चच्या विश्वस्तांसमोर गाऊन वर केला. कॉनीच्या आईचा चिनी मातीचा सेट फोडला. मला ती सामानवाला पोऱ्या समजते आणि पगार चुकता करायला बघते. कॉनी बहिणीकडे गेली, "ती जाईपर्यंत" असं म्हणून गेली. मी प्रवचन लिहायला बसलो की ती दारावर डोकं आपटते. थांबतच नाही. मी थांब म्हटलं, विनंती केली, मग ओरडलो.

या रविवारी तिला चर्चच्या माडीवरच्या खोलीत खुर्चीला बांधावं लागलं. गायकांच्या झग्याचा पट्टा मऊ असतो, लागत नाही. ती हाका मारायला लागली आणि खाली चर्चमध्ये ऐकू जाईल म्हणून तोंडाला रुमालही. दीड तासच. थोरांचा मान राखावा यावर बोललो, लोकांना आवडलं. वर आलो तेव्हा ती शांत होती, माझ्याकडे बघत होती आणि पहिल्यांदाच मला बरोबर नावाने हाक मारली. मला वाटलं होतं तितकं वाईट मला वाटलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिला परत घेऊन जा. थँक्सगिव्हिंगच्या आधी. मी तिला बॅंगोर शहरापर्यंत आणतो, पुढे तू बघ.

आणि तुझं वचन? दिलेल्या वचनाचं काय झालं? महिनाअखेरपर्यंत आई तुझ्या घरी नसेल तर मी एबेनला लिहीन, नावानिशी, सगळं. एका निरपराध माणसाचा प्रश्न आहे. माझं कर्तव्य मला टाळता येणार नाही.

ऑल्डन


पेटिग्रू बेट
२६ नोव्हेंबर

प्रिय ऑल्डन,

वाचलं. मर्टनलाही वाचून दाखवलं, तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

म्हणजे आई तुझ्याकडे राहिली तर देझिरे निरपराध, आणि आई माझ्याकडे आली की देझिरे चोर, कारण मग तू लिहिणार नाहीस. तुझ्या कर्तव्याची दिशा मला नीट कळली. रुमालाचं वाचून मला राग यायला हवा होता. मी मनात म्हटलं, चला, आता आपण भावंडं शोभतो.

तर लिही एबेनला. कागद नसेल तर मी पाठवते. पण लिहायच्या आधी जरा हिशेब बघ, तू आमच्यात शिकलेला. तुझं पत्र आलं की आमचे दोर कापले जातील, मर्टनला बंदर बंद होईल, घर विकून आम्ही त्याच्या भावाकडे पोर्टलंडला दोन खोल्यांत जाऊ. तिथे आईला जागा नाही. आईला परत पाठवायला तुला या जगात एकच घर आहे आणि ते हे. ते जाळायचं असेल तर जाळ, मग ती मरेपर्यंत तुझी.

नाही लिहिलंस तर नवीन वर्षानंतर पहिल्या बोटीने मी तिला घेऊन येईन. तोवर आमचे सापळे वर येतील, गाव शांत होईल, आणि सांगण्यासारखं काही उरणारही नाही.

देझिरेचे आता थोडेच सापळे राहिलेत. आतले सगळे दोर कुणी ना कुणी कापले. उरलेले त्याने बाहेरच्या खडपांपाशी टाकलेत, जिथे नोव्हेंबरनंतर आपले बाबासुद्धा जात नसत. ॲडी बेटाच्या टोकावर उभी राहून बोट दिसायची वाट बघते. मी तिला म्हटलं, घरात ये, गारठशील. ती म्हणाली, "मावशी, त्याला वाटतं अजून थोडं लांब गेलं की लोक खूश होतील."

काय ते लगेच कळव.

व्हर्ना


हार्लो फॉल्स
२ डिसेंबर

व्हर्ना,

एबेनला लिहिलेलं नाही. लिहिणार नाही. नवीन वर्षानंतर पहिली बोट, त्यात बदल नको.

तो तरुण धडधाकट आहे आणि अनुभवी आहे. देव त्याच्याकडे बघेल.

ऑल्डन


पेटिग्रू बेट
१२ डिसेंबर

ऑल्डन,

देझिरे सोमवारी परत आला नाही. बोट मंगळवारी खडपांवर उलटी सापडली. तो सापडला नाही आणि आता सापडणारही नाही.

शोधायला सगळं बंदर गेलं. एबेन सगळ्यांच्या पुढे होता, बर्फ पडत असताना उघड्यावर उभा राहून दोन दिवस शोधत होता, थंडीने कान काळे पडले त्याचे. ज्यांनी दोर कापले ते सगळे गेले, एकही मागे राहिला नाही. अशी माणसं आहेत आमची. मर्टननेही बोट काढली. येताना त्याने देझिरेच्या वाहून आलेल्या बोया गोळा करून आणल्या, आमच्या अंगणात बसून एका हाताने त्यांच्यावरच्या गाठी सोडल्या आणि मग ॲडीच्या दाराशी नीट रचून ठेवल्या. सगळे म्हणाले, मर्टन मनाने मोठा.

ॲडीकडे आता इतकं खायला आलंय की ठेवायला जागा नाही. कुणी तिच्याशी बोलत मात्र नाही. माद्यांचा विषय बंद झाला. एबेन फक्त एवढंच म्हणाला, "त्याने भरपाई केली." म्हणजे आता ते देझिरेच्याच नावावर कायमचं लागलं. त्यातून तो उठून काही बोलणार नाही.

तुला दोन गोष्टी सांगायच्या. एक, ॲडी तुला पत्र लिहिणार आहे. तिला काहीतरी संशय आहे, पण आपल्यावर नाही. तिला वाटतं तू देवाचा माणूस, तू खोटं सांगणार नाहीस. नीट लिही. दुसरी, आईला मी आता आणू शकत नाही. ॲडीला मूल व्हायचंय, एप्रिलमध्ये. तिला एकटं ठेवायला मन धजत नाही, मी तिच्याकडेच झोपते. सगळं गाव मला त्याबद्दल मान देतं. बोलल्याप्रमाणे वागता येत नाही याचं वाईट वाटतं, पण तू माझ्या जागी असतास तर तूही असंच केलं असतंस. हे तू नाकारणार नाहीस आता.

व्हर्ना


पेटिग्रू बेट
१९ डिसेंबर १९५७

आदरणीय पाद्रीसाहेब,

तुम्ही मला लहानपणी पाहिलं असेल, मी होम्सांची ॲडी. तुमच्या आईपाशी मी बसत असे. त्या कशा आहेत? माझी आठवण सांगा. त्यांना शाल पुरते ना? त्यांना गुडघ्यावर हात फिरवलेला आवडतो, मग त्या गप्प होतात. एवढंच लागतं त्यांना.

देझिरेचं तुम्हाला व्हर्नामावशीने कळवलंच असेल. मी रडगाणं लावत नाही. मला एकच विचारायचंय, आणि इथे कुणाला विचारलं की ते पेला खाली ठेवून उठतात. त्याने काय केलं होतं? त्याच्या बोयांवर गाठी का पडल्या? एबेनकाकांना विचारलं तर म्हणाले, "पोरी, जाऊ दे, झालं ते झालं." माझ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तू त्याला केलंस तेव्हाच मी सांगितलं होतं." मी त्यांच्यातलीच आहे, इथेच वाढले, पण मला कुणी सांगत नाही.

तो रोज संध्याकाळी येऊन मला विचारायचा, "ॲडी, तुमच्यात याचा अर्थ काय होतो?" मी सांगायची, हद्द ओलांडली म्हणून असतं. मग तो आणखी बाहेर जायचा. म्हणजे त्याला तिकडे मीच पाठवलं. माझं चुकलं का? दुसरं काही असेल तर मला कळू दे. त्याने खरंच काही केलं असेल तरी चालेल, मी ऐकून घेईन. पण मला सांगा. पोर मोठं झालं की विचारेल.

व्हर्नामावशी नसती तर मी त्याच्यामागे गेले असते. ती रात्रंदिवस माझ्यापाशी असते, मला भरवते, माझ्यासाठी रडते. या गावात ती एकटीच माणूस आहे. ती म्हणते, "ऑल्डनला विचार, तो तुला खरं सांगेल." म्हणून विचारते. तुम्ही गावातल्या माणसांना विचारून बघाल का? तुम्हाला ती नाही म्हणणार नाहीत.

तुमची नम्र,
ॲडी कोरमिए


हार्लो फॉल्स
२ जानेवारी १९५८

प्रिय ॲडी,

तुमच्या दुःखात माझी पत्नी आणि मी सहभागी आहोत. उत्तराला उशीर झाला, कारण नाताळचे दिवस होते आणि आईची व्यवस्था लावायची होती. ती आता सरकारी इस्पितळात आहे. तिथे तिला घराची आठवण करून देणारं काही नाही, त्यामुळे ती गप्प असते असं मला कळवलं आहे. शेवटपर्यंत जवळ ठेवायची माझी इच्छा होती. पण कधी कधी प्रेमाचा खरा मार्ग कठीण असतो, हे तुम्हाला आज माझ्याइतकं कुणाला कळेल?

तुम्ही विचारलंत म्हणून मी चौकशी केली. ज्याला कल्पना आहे अशा माणसाशी मी बोललो, आणि त्या बोलण्यातलं सगळं तुम्हाला सांगणं मला योग्य वाटत नाही. एवढंच म्हणतो, बेटावरची माणसं न्यायी आहेत. माझे वडील त्यांच्यातच वाढले. ती उगाच कुणाच्या बोयाला हात लावत नाहीत.

तुमचं चुकलं का, असं तुम्ही विचारता. नाही, तुमचं काही चुकलं नाही. हे ओझं मनावरून काढून टाका. माणसावर ताण आला, घरी बायको, पोटात मूल, पाण्यात शेवंड नाही, की भल्याभल्यांचा पाय घसरतो. देझिरे परमुलखातून आला होता, त्याच्यावर हा भार इतरांहून जास्त होता. त्याने जे केलं असेल ते वाईटपणाने केलं नसेल, याची मला खात्री आहे. आणि तो तुम्हाला रोज अर्थ विचारत होता, तो कदाचित त्याला माहीत नव्हता म्हणून नव्हे. कबूल करायला माणसाला असंच आडून सुरुवात करावी लागते. तुमच्याजवळ बोलायचं त्याला धाडस झालं नाही, याबद्दल त्याच्यावर रागावू नका.

मूल मोठं झाल्यावर विचारेल तेव्हा सांगा, तुझा बाप चुकला होता, पण त्याने त्याची किंमत दिली आणि गावाने ते मनात ठेवलं नाही. व्हर्नाला धरून राहा. ती सांगेल तसं करा. तिच्याइतकं तुमचं दुःख दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

आणि त्याला क्षमा करा. रोज रात्री नाव घेऊन, मोठ्याने करा, म्हणजे झोप लागेल. गावाने त्याला केव्हाच केली आहे, आणि मीही केली आहे.

तुमचा,
ऑल्डन